वरून म्हणजे कुठून?

जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि भाचीला गणितासाठी चौकटीची वही हवी होती, दोनशे पानी. आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काका म्हणाले, "नाहीये. वरूनच माल नाही." दुसऱ्या दुकानात गेलो. "वरून आलाच नाही." तिसऱ्या दुकानातल्या काकूंनी तर आमचे चेहरे बघूनच ओळखलं. "चौकटीची ना? वरूनच शॉर्टेज आहे."

भाची मान वर करून दुकानाच्या माळ्याकडे बघायला लागली. "मावशी, वर म्हणजे माळ्यावर का गं?"

मी हसले खरी, पण 'वर' म्हणजे नक्की कुठे, हे मलाही पटकन सांगता आलं नाही. पुढची गंमत तर दिवाळीच्या सुट्टीतली. त्याच काकांच्या दुकानाबाहेर चौकटीच्या वह्यांची कमरेएवढी चळत आणि वर पाटी: 'तीनवर एक फ्री'. जूनमध्ये एक मिळत नव्हती, नोव्हेंबरात कुणी उचलत नव्हतं. शाळेतली मुलं तेवढीच, गणितही (दुर्दैवानं) तेवढंच. मग वह्यांनाच काय झालं?

आता 'वर' चढून बघू. दुकानदार माल घेतो घाऊक व्यापाऱ्याकडून. घाऊकवाला घेतो कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडून, ज्याचं शहराबाहेर मोठं गोडाऊन असतं. डिस्ट्रिब्युटर घेतो कारखान्याकडून. कारखाना कागद घेतो कागदाच्या मिलकडून, आणि मिललाही लगद्यासाठी कुणाकडे तरी हात पसरावाच लागतो. प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहेच. या सगळ्या माळेला म्हणायचं सप्लाय चेन, पुरवठ्याची साखळी. आणि या साखळीतून माल नेणं, उतरवणं, ठेवणं, वेळेवर पोचवणं, हे सगळं काम म्हणजे लॉजिस्टिक्स. हे कॉलेजात शिकवतात, त्याची पदवी मिळते, आणि हे शिकणाऱ्या मुलांना जगभर कितीतरी ठिकाणी सुरुवातीलाच एक खेळ खेळायला बसवतात. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेबसुद्धा तो खेळतात आणि हरतात. मी तो घरी खेळून बघायचं ठरवलं.

मूळ खेळ अमेरिकेतल्या एमआयटी नावाच्या विद्यापीठातला, १९६० च्या आसपासचा. त्यात बिअरची खोकी असतात. तुमच्यासाठी मी वह्या केल्या.

आमच्या जेवणाच्या टेबलावर मी चार वाट्या ओळीनं मांडल्या. पहिली वाटी दुकानाची, तिथे भाचीचा शेजारचा मित्र बसला. दुसरी घाऊक व्यापाऱ्याची, तिथे ताई, म्हणजे भाचीची आई. तिसरी डिस्ट्रिब्युटरची, तिथे आमचे अण्णा. पस्तीस वर्षं बँकेत हिशेब केलेला माणूस. चौथ्या वाटीपाशी कारखान्याची मालकीण म्हणून स्वतः भाची. प्रत्येक वाटीत बारा चिंचोके. एक चिंचोका म्हणजे वह्यांचा एक गठ्ठा. दोन वाट्यांच्या मधे खडूनं दोन-दोन चौकोन काढले आणि प्रत्येक चौकोनात चार चिंचोके ठेवले. हा वाटेतला माल, टेम्पोत बसलेला. कारखान्याच्या पलीकडेही असेच दोन चौकोन, कारण वह्या छापून-शिवून व्हायलाही वेळ लागतो.

एक डाव म्हणजे एक आठवडा. प्रत्येक डावात वाटेतला माल एक चौकोन पुढे सरकतो. मग खालच्यानं मागितले तेवढे चिंचोके द्यायचे. नसले तर ते देणं अंगावर राहतं, पुढे फेडावं लागतं. आणि मग आपल्या वरच्याला किती हवेत ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी सरकवायची. ती तो पुढच्या आठवड्यात उघडणार. म्हणजे आज मागितलेला माल हातात पडायला तीन आठवडे. वाटीत पडून राहिलेल्या प्रत्येक चिंचोक्याला आठवड्याला पन्नास पैसे दंड, कारण गोडाऊनचं भाडं लागतं. न दिलेल्या प्रत्येक चिंचोक्याला एक रुपया, कारण गिऱ्हाईक तोंड फिरवतं. सगळ्यात महत्त्वाचा नियम: बोलायचं नाही. फक्त चिठ्ठी.

आणि गिऱ्हाईक? ते पत्त्यांच्या कॅटमध्ये होतं. पालथी गड्डी दुकानापाशी. दर आठवड्याला एक पान उचलायचं, जो आकडा निघेल तेवढे गठ्ठे गिऱ्हाइकाला हवेत. ते पान फक्त दुकानदारानं बघायचं.

पहिले चार आठवडे चव्वीच निघाली. चार आले, चार गेले, चार मागवले. अण्णांनी जांभई दिली. "यात शिकवण्यासारखं काय आहे?"

पाचव्या आठवड्यात दुकानदारानं पान उचललं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. अठ्ठी. तोंड उघडणार होता, मी डोळे वटारले. त्यानं आठ दिले आणि चिठ्ठीवर आठ लिहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा अठ्ठी. त्याच्या वाटीत आता चारच चिंचोके. त्यानं बारा मागितले. सातव्या आठवड्यात वाटी रिकामी, पाटी कोरी. त्यानं सोळा लिहिले आणि नखं खायला सुरुवात केली.

आता ताईच्या जागी बसून बघा. तिला गिऱ्हाईक दिसत नाही, पत्ते दिसत नाहीत. तिला दिसतात चिठ्ठ्या: चार, चार, चार, चार, आठ, बारा, सोळा. असं दिसल्यावर तुम्ही काय कराल? ताईला वाटलं, गावातली सगळी मुलं एकदम गणिताच्या मागे लागली. आठव्या आठवड्यात तिच्याकडे मागणी सोळाची आणि हातात चिंचोके चार. बारा देणं अंगावर. तिनं अण्णांना चिठ्ठी सरकवली, चोवीस. अण्णा बँकेतले, सावध माणूस. त्यांनी मनाशी हिशेब केला की चोवीस तर द्यायचेच, शिवाय पुढच्या वेळी अडायला नको म्हणून थोडे जास्त ठेवू. दहाव्या आठवड्यात कारखान्याच्या मालकिणीनं चिठ्ठी उघडली, तीवर लिहिलं होतं चाळीस.

"चाळीस?" भाची किंचाळली. नियम मोडला, पण मी काही बोलले नाही. तिनं लगेच चाळीसचं उत्पादन सुरू केलं, वर 'असू देत' म्हणून आणखी पाच.

आणि या सगळ्या वेळात गिऱ्हाईक काय मागत होतं? आठ. फक्त आठ.

मग माल यायला लागला. तेराव्या-चौदाव्या आठवड्यापासून टेम्पोमागून टेम्पो. दुकानाची वाटी भरली, वाटीची ताटली झाली, ताटलीचं ताट झालं. दुकानदारानं चिठ्ठीवर शून्य लिहिलं. ताईनं शून्य. अण्णांनी दोनदा शून्य लिहिलं आणि तिसऱ्यांदा शून्याखाली रेघ मारली, बँकेची सवय. कारखान्यात पन्नासच्या वर चिंचोके साठले आणि एकही चिठ्ठी येईना. भाची रडकुंडीला आली. "मी कामगारांना काय सांगू?"

चोवीस आठवडे झाल्यावर मी खेळ थांबवला. दंडाचा आकडा काढला, तो सांगत नाही, अण्णांनी सांगू नको म्हटलंय. मग दुकानदार सोडून बाकी तिघांना कागद दिले आणि म्हटलं, गिऱ्हाइकानं दर आठवड्याला किती वह्या मागितल्या असतील त्याचा आलेख काढा. ताईनं समुद्राची लाट काढली. अण्णांनी एक मोठा डोंगर. भाचीनं अख्खा सह्याद्रीच काढला, कळसूबाईसकट.

मग मी गड्डी उलटी केली. चार चव्व्या आणि त्यानंतर सगळ्या अठ्ठ्या. (कॅटमध्ये अठ्ठ्या चारच असतात, म्हणून घरातले पाच कॅट उसवले होते.) एक पायरी, तीही एकदाच. पुढे सपाट रस्ता.

टेबलावर शांतता पसरली. ती दहा सेकंद टिकली असेल. मग ताई दुकानदाराला म्हणाली, "तूच उगाच सोळा मागितलेस." तो म्हणाला, "काकू, तुम्ही वेळेवर दिले असते तर कशाला मागितले असते?" अण्णा ताईवर, भाची अण्णांवर. हा खेळ जिथे जिथे खेळतात तिथे तिथे हेच होतं म्हणे. प्रत्येकाला वाटतं, गडबड शेजाऱ्यानं केली, किंवा गिऱ्हाईकच लहरी होतं.

ही गडबड ज्या माणसानं पहिल्यांदा कागदावर पकडली, त्याची ओळख करून देते. जे फॉरेस्टर त्याचं नाव, जन्म १९१८ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात गुरांच्या मोठ्या कुरणावर वाढलेला. घरी वीज नव्हती. शाळेत असतानाच या मुलानं मोडक्या गाड्यांचे भाग जमवून वाऱ्यावर फिरणारं यंत्र बनवलं आणि घरात १२ व्होल्टची वीज आणली! पुढे तो इंजिनिअर झाला, सुरुवातीच्या संगणकांची स्मरणशक्ती बनवण्यात त्याचा मोठा हात होता, आणि १९५६ साली तो एमआयटीच्या मॅनेजमेंट शाखेत शिकवायला आला.

तिथे एका मोठ्या कंपनीच्या माणसांनी त्याच्यापुढे कोडं टाकलं. त्यांचे घरगुती उपकरणांचे कारखाने केंटकी राज्यात होते. कधी तिथे इतकं काम असायचं की रात्रपाळ्या लावाव्या लागायच्या, आणि दोन-तीन वर्षांनी तिथलेच निम्मे लोक घरी बसवावे लागायचे. सगळे म्हणायचे, बाजारच तसा आहे, त्याला कोण काय करणार? फॉरेस्टरनं पेन्सिल घेतली. कागदावर रकाने आखले: शिल्लक माल, आलेल्या ऑर्डरी, कामावरची माणसं. मग कारखान्याचे साहेब जसे निर्णय घ्यायचे तसेच निर्णय घेत एकेक आठवडा पुढे जात राहिला. ऑर्डरी अगदी स्थिर धरल्या, तरी कागदावरच्या आकड्यांना भरती-ओहोटी यायला लागली! बाजार बिचारा शांत बसला होता. लाटा कारखान्याच्या आतच तयार होत होत्या.

आमच्या टेबलावर तेच झालं. कुणी मूर्ख नव्हतं, कुणी लबाड नव्हतं. प्रत्येकानं आपल्या पुढ्यातल्या चिठ्ठीवर अगदी शहाण्यासारखं उत्तर दिलं. फक्त चिठ्ठी जुनी होती आणि माल यायला उशीर होता. गीझरच्या नळाखाली उभं राहून बघा. पाणी गार येतं म्हणून गरम नळ सोडता, तरी गारच, म्हणून आणखी सोडता, आणि मग एकदम चटका! नळ फिरवणं आणि पाणी पोचणं यांच्यात चार सेकंद जातात. वह्यांच्या बाबतीत तेच चार सेकंद तीन आठवड्यांचे होतात, आणि एकाच्या डोक्यावर एक असे चार जण नळ फिरवत असतात.

या प्रकाराला 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. बुलव्हिप म्हणजे गुरं हाकायचा लांब चाबूक. आपण त्याला आसूड म्हणू. दारोदार येणारा पोतराज आसूड ओढताना पाहिला असेल तर आठवा. मुठीपाशी त्याचं मनगट वीतभर हलतं आणि दुसऱ्या टोकाला कडाड्! चांगल्या चाबकाचं टोक आवाजापेक्षाही जास्त वेगानं जातं, तो कडाड् त्याचाच. साखळीत मूठ म्हणजे गिऱ्हाईक. शेपूट म्हणजे कारखाना.

हे नाव पडलं तेही एका मजेशीर वस्तूपायी. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही मोठी कंपनी बाळांचे डायपर बनवते. तिथल्या लोकांनी पाहिलं की दुकानांतून डायपर बऱ्यापैकी सारखे खपतात, पण घाऊकवाल्यांच्या ऑर्डरी मात्र वर-खाली उड्या मारतात, आणि कंपनीनं स्वतः कच्च्या मालाच्या दिलेल्या ऑर्डरी तर त्याहून जास्त. आता बाळं काही सीझन बघून शू करत नाहीत. मग उड्या कोण मारतंय?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याची कारणं नीट मांडली. त्यातली दोन तर तुम्ही रोज बघता. एक म्हणजे स्कीम. 'दहा खोक्यांवर एक फुकट' म्हटलं की दुकानदार पुढच्या तीन महिन्यांचा माल आजच उचलतो आणि मग तीन महिने गप्प. कारखान्याला वाटतं, वा, काय खप! दुसरं कारण कळायला लग्नाच्या पंगतीत बसा. जिलबी संपत आलीय अशी कुजबुज झाली की ज्याला एक हवी तो तीन मागतो. वाढप्याला वाटतं, पंगत जिलबीवर तुटून पडलीय. तो आचाऱ्याला आणखी तळायला सांगतो, आणि शेवटी परात भरून जिलबी उरते. आमच्या चौकटीच्या वह्यांचं जूनमध्ये असंच काहीसं झालं असावं. टंचाई आहे म्हटल्यावर तिन्ही दुकानांनी दुप्पट मागवल्या असतील, आणि तो दुप्पट माल दिवाळीला उगवला.

असाच प्रकार कांद्याचा. एका वर्षी लासलगावच्या बाजारात भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. रोप लावल्यापासून कांदा हाती यायला तीन-चार महिने. तोवर सगळ्यांचाच कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्या हातातली चिठ्ठीही जुनीच असते ना!

डबेवाल्यांची आठवण तुम्हाला आलीच असेल, सप्लाय चेन म्हटलं की सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवतात. मला त्यांचं कौतुक एका वेगळ्याच गोष्टीसाठी वाटतं. त्यांच्या साखळीत अंदाजाला जागाच नाही. एक माणूस, एक डबा. 'उद्या लागेल' म्हणून कुणी दोन डबे जास्त मागवत नाही. आसूडाला शेपूटच नाही!

"मावशी, पण मग हे शिकून काय होतात?" भाचीनं विचारलं. दंड भरल्यामुळे आवाजात अजून राग होता.

पुष्कळ काही होतात. कुणी डिमांड प्लॅनर होतं. पुढच्या जूनमध्ये किती वह्या लागतील याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम. कुणी भिवंडीतल्या एखाद्या प्रचंड गोडाऊनमध्ये रुजू होतं. तिथे नव्या माणसाला बहुतेक आधी मोजायला लावतात. संगणक म्हणतो फळीवर चाळीस खोकी, डोळ्यांना दिसतात अडतीस. उरलेली दोन कुठे गेली हे शोधता आलं की तुम्ही त्या कामाचे. कुणी उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जातं. १९८९ साली सुरू झालेलं हे आपलं मोठं कंटेनर बंदर. तिथल्या यार्डात घराएवढे लोखंडी डबे एकावर एक रचलेले असतात, आणि जो डबा आधी जाणार तो वर हवा. नाहीतर एका डब्यासाठी वरचे तीन उचलून बाजूला ठेवा. तुम्ही दप्तरात पहिल्या तासाचं पुस्तक तळाशी घालता तेव्हा जे होतं तेच, फक्त क्रेन लावून!

शिकायच्या जागाही आहेत. वडोदऱ्याला गती शक्ती विश्वविद्यालय आहे, रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतलं केंद्रीय विद्यापीठ. तिथे वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच मुख्य विषय. मुंबईत पवईजवळ १९६३ साली उभी राहिलेली नीटी नावाची संस्था या कामासाठी प्रसिद्ध होती, २०२३ पासून तिचं नाव आयआयएम मुंबई झालंय. शाळेतलं म्हणाल तर गणित लागतं, भूगोल लागतो, संगणक लागतो. आणि एक गोष्ट लागते जिचा तास कुठल्याच शाळेत नसतो: वाटी रिकामी दिसत असतानाही 'माल वाटेत आहे' हे आठवून हात आवरणं. आमच्या अण्णांना ते जमलं नाही, मला तरी जमलं असतं का कोण जाणे.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळलो. या वेळी एकच नियम बदलला. गिऱ्हाइकाचं पान उघडं ठेवायचं, चौघांनीही बघायचं. मीही गड्डीतले आकडे बदलले होते. लाट आली, पण बुटकी. भाचीच्या कारखान्यात एकदाच पंधरा चिंचोके साठले, आणि अण्णांनी दंडाचा आकडा स्वतःहून सगळ्यांना वाचून दाखवला.

खऱ्या कंपन्या हेच करायला बघतात. मोठ्या दुकानात वहीवरच्या काळ्या पट्ट्यांवरून यंत्र फिरवून 'टुक्' असा आवाज येतो ना, तो आकडा घाऊकवाल्याला आणि कारखान्यालाही लगेच दिसावा अशी व्यवस्था करतात. पण प्रत्येक जण आपला आकडा दुसऱ्याला दाखवायला राजी होतोच असं नाही. कोपऱ्यावरच्या काकांना मी विचारलं, तुम्ही किती वह्या विकल्या ते घाऊकवाल्याला सांगाल का? काका म्हणाले, "कशाला? तो शेजारच्याला सांगेल."

तर आता तुमची पाळी. चौघं जमा, चार वाट्या घ्या, अठ्ठेचाळीस चिंचोके वाट्यांत आणि बत्तीस वाटेतल्या चौकोनांत. पुढचं उत्पादन करायला कारखान्यापाशी डबाभर वेगळे ठेवा, लागतील. चिंचोके नसतील तर शेंगदाणे चालतील, पण मग दंड मोजण्याआधी माल संपतो, हा आमचा अनुभव. पहिला खेळ बोलणं बंद ठेवून खेळा. खेळ संपला की भांडायच्या आधी आलेख काढा. आणि पाचव्या आठवड्यात पान उचलणाऱ्याचा चेहरा जरूर बघा.

फक्त तोवर पत्ते पालथेच ठेवा. कारखान्याला दिसले तर सगळी मजाच गेली.